आधी कॉलेज, मग गाव : नॉर्थ न्यूटनचं बेथेल

आधी गाव वसतं, मग गावात शाळा निघते आणि शाळा वाढत वाढत कधीतरी कॉलेज होतं, हा क्रम आपल्या ओळखीचा आहे. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातलं नॉर्थ न्यूटन उलट्या क्रमाने वसलं. तिथल्या बेथेल कॉलेजची सनद 1887 ची, कोनशिला 1888 ची आणि पहिला वर्ग 1893 चा. गावाला स्वतंत्र गाव म्हणून कायदेशीर दर्जा मिळाला तो मात्र 1938 मध्ये. मधली पंचेचाळीस वर्षं तिथे एक दगडी इमारत, तिच्याभोवती मास्तरांची आणि विद्यार्थ्यांची घरं, आणि चारी बाजूंना गव्हाची शेतं एवढाच पसारा होता. 2020 च्या जनगणनेत या गावात 1,814 माणसं मोजली गेली. आपल्याकडे एवढ्या वस्तीला वाडीपेक्षा फार मोठं कुणी म्हणणार नाही. पण या वाडीचा इतिहास सांगायचा तर सुरुवात थेट सोळाव्या शतकातल्या हॉलंडपासून करावी लागते.

मेनो सिमन्स हा तिथला कॅथलिक धर्मोपदेशक. 1536 मध्ये त्याने चर्च सोडलं आणि अॅनाबॅप्टिस्ट म्हणवल्या जाणाऱ्या छळ सोसणाऱ्या पंथीयांना तो जाऊन मिळाला. पुढे मेनोच्या नावावरून मेनोनाईट म्हटल्या गेलेल्या या लोकांचं म्हणणं मोजकं होतं. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा नाही; कळत्या वयात माणसाने स्वतः होऊन घ्यायचा. शपथ वाहायची नाही. आणि शस्त्र हातात धरायचं नाही, राजाने सांगितलं तरी नाही. यातल्या शेवटच्या अटीने त्यांना पुढची साडेतीनशे वर्षं एका मुलखातून दुसऱ्या मुलखात हिंडवलं. हॉलंडमधून ते व्हिस्टुला नदीच्या मुखाकडे गेले आणि तिथल्या दलदली उपसून त्यांनी शेतं केली. तिथे जाच वाढला, तेव्हा रशियाच्या कॅथरीन राणीच्या बोलावण्यावरून ते आजच्या युक्रेनमधल्या गवताळ माळावर गेले. 1789 मध्ये खोर्तित्सा वसली, 1804 मध्ये मोलोत्श्ना. स्वतःच्या शाळा, स्वतःचा गावकारभार आणि लष्करातून कायमची सूट, असं वचन त्यांना मिळालं होतं. ते वचन जेमतेम शंभर वर्षं टिकलं. 1870 नंतर झारने सक्तीची लष्करभरती सुरू करायचं ठरवलं, आणि मेनोनाईटांच्या घराघरांत पुन्हा पेट्या भरायला लागल्या.

1873 मध्ये बारा जणांचं एक शिष्टमंडळ अमेरिका आणि कॅनडा पाहून आलं. त्यानंतरच्या दहाएक वर्षांत सुमारे 18,000 मेनोनाईट रशिया सोडून उत्तर अमेरिकेत आले. त्यातले जवळपास 5,000 कॅन्ससला उतरले. त्यांना तिथे ओढून नेलं ते रेल्वेने. अॅचिसन, टोपेका अँड सँटा फे कंपनीला सरकारकडून रुळांच्या दोन्ही अंगांची अफाट जमीन मिळाली होती आणि ती विकत घेणारे कष्टाळू शेतकरी हवे होते. कंपनीचा जमीन-अधिकारी सी. बी. श्मिट जर्मन बोलणारा होता. त्याने या लोकांना रशियापर्यंत जाऊन गाठलं. शस्त्र न धरणाऱ्यांना राज्याच्या नागरी सेनेतून सूट देणारा कायदाही कॅन्ससने 1874 मध्ये केला.

एक गोष्ट इथेच सांगून टाकली पाहिजे, कारण संस्थांच्या इतिहासात ती सहसा गाळली जाते. ही जमीन रिकामी नव्हती. कॉ, ओसेज, विचिटा या मूळच्या लोकांना तिथून बाजूला सारलं गेल्याला फार वर्षं लोटली नव्हती. ज्यांना स्वतः तीन वेळा उठून जावं लागलं, ते लोक दुसऱ्या उठवलेल्या लोकांच्या भुईवर येऊन बसले. बेथेलशी जोडलेल्या मंडळींनी पुढे अरापाहो, शायेन आणि होपी लोकांत मिशनचं काम केलं. त्यात कळकळ होती, तशीच न विचारता घरात शिरण्याची वृत्तीही होती. एच. आर. वोथ या मिशनऱ्याने होपींच्या पवित्र विधींचे फोटो काढले. त्याबद्दलचा होपींचा राग पिढ्यान्‌पिढ्या राहिला. ते फोटो आज बेथेलच्या संग्रहात आहेत आणि संस्थेला त्यांची जबाबदारी टाळता येत नाही.

ज्या न्यूटन शहराच्या उत्तरेला कॉलेज उभं राहिलं, त्याची ओळखही सांगायला हवी. 1871 मध्ये रेल्वे तिथवर पोचली आणि टेक्सासहून चिझम वाटेने हाकत आणलेली गुरं तिथे गाडीत भरली जाऊ लागली. गुराख्यांच्या पाठोपाठ दारूचे गुत्ते आणि नाचघरं आली. त्याच वर्षी ऑगस्टमधल्या एका रात्री हाइड पार्क नावाच्या भागातल्या नाचघरात गोळीबार होऊन कित्येक माणसं मेली. न्यूटनची ती बदनामी पुष्कळ वर्षं पुसली गेली नाही. गुरांचा बाजार लवकरच दुसरीकडे सरकला, आणि दोन-तीन वर्षांत त्याच स्टेशनवर लांब काळे डगले आणि डोक्याला रुमाल बांधलेल्या बाया उतरायला लागल्या. बंदुकीने गाजलेल्या गावाच्या शेजारी बंदूक न धरणाऱ्यांचं कॉलेज निघालं. हा योग कुणी घडवून आणला नव्हता, पण इथल्या लोकांना तो आजही आवर्जून सांगावासा वाटतो.

आलेल्यांनी सोबत गहू आणला. तुर्की लाल म्हणतात तो, कठीण दाण्याचा, थंडी झेलणारा. पेरणी आपल्या रब्बीसारखी पावसाळा सरल्यावर, फक्त अंकुरल्यानंतर तो बर्फाखाली झोपतो आणि जूनमध्ये कापणीला येतो. आना बार्कमन नावाच्या मुलीने क्रायमियातल्या घरी कणगीतून एकेक टपोरा दाणा निवडून पेटी भरली, ही गोष्ट कॅन्ससमध्ये पोराबाळांना सांगतात. ती आख्यायिका समजावी. बियाणं मोठ्या प्रमाणावर मागवून या गव्हाला बाजार मिळवून देण्याचं काम बर्नहार्ड वार्केंटिन या गिरणीवाल्याचं. तो 1872 मध्येच आला होता. आधी हाल्स्टेडला, मग न्यूटनला त्याने गिरण्या चालवल्या. बेथेलच्या उभारणीत पैसा आणि व्यवहारज्ञान या दोन्हींचा मोठा वाटा त्याचाच.

या गव्हाची एक खूण कॉलेजच्या आवारात आहे आणि मला ती इमारतीपेक्षाही बोलकी वाटते. मळणीचा दगड. चुनखडीचा जाडजूड लोळा, गाडीच्या धुरीएवढ्या लांबीचा, त्याला अंगभर सात दाते कोरलेले. दोन दात्यांच्या मधल्या खाचेत माझा पंजा अलगद बसला. खळ्यावर गव्हाच्या पेंढ्या सोडून पसरायच्या आणि हा दगड घोड्यांच्या मागे जुंपून गोल गोल फिरवायचा. तिवड्याभोवती बैलांची पात धरून केलेली मळणी ज्यांनी लहानपणी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. तिथे खुरांचं काम दगड करी. रशियातल्या सवयीप्रमाणे या लोकांनी कॅन्ससच्या खाणीतून असे दगड घडवून घेतले. आणि थोड्याच वर्षांत मळणीयंत्रं आली. नवे कोरे दगड बांधावर पडून राहिले. कुणी पायरीला लावले, कुणी अंगणात मांडले. पुढे तोच दगड कॉलेजचं चिन्ह झाला. खेळाडूंचे संघ आधी कॉलेजच्या करड्या आणि मरून रंगांवरून ओळखले जात. नंतर त्यांना ‘थ्रेशर्स’ म्हणू लागले. थ्रेशर्स म्हणजे मळणीवाले.

शाळेची सुरुवात मात्र इथली नाही. 1882 मध्ये न्यूटनजवळच्या एमेंटाल या वस्तीत एच. एच. एवर्ट या शिक्षकाने वर्ग सुरू केला. पुढच्या वर्षी तो हाल्स्टेडला गेला आणि तिथे दहा वर्षं चालला. उद्देश साधा होता : आपल्या खेड्यांतल्या जर्मन शाळांना शिक्षक हवेत आणि चर्चच्या मंडळींना उपदेशक हवेत. नव्या देशाची भाषा इंग्रजी. ती न येणाऱ्या मास्तरांना सरकारी परवाना मिळणार नाही, आणि परवाना नसेल तर शाळा हातची जाणार. शाळा हातची जाऊ नये म्हणून तर रशिया सोडला होता.

1887 मध्ये न्यूटनच्या व्यापारी मंडळींनी निधी आणि जागा देऊ केली. त्या वर्षांत कॅन्ससमध्ये जमिनीचे भाव रोज चढत होते. प्रत्येक शहराला आपल्या वेशीवर कॉलेज हवं होतं, कारण कॉलेज आलं की भूखंड विकले जात. मेनोनाईटांमध्ये यावर बराच वाद झाला. बाहेरच्यांच्या पैशावर आपली संस्था उभी करावी का? मुलं शहराच्या इतक्या जवळ ठेवावीत का? एवढं शिक्षण शेतकऱ्याच्या पोराला हवंय तरी कशाला? या वादात ठाम उभा राहिला तो डेव्हिड गोएर्ट्झ. धर्मोपदेशक, संपादक, हिशेबनीस, सगळं एका माणसात. 1887 मध्ये संस्था नोंदवली गेली आणि हिब्रूत ‘देवाचं घर’ असा अर्थ असलेलं बेथेल हे नाव तिला मिळालं.

12 ऑक्टोबर 1888 रोजी कोनशिला बसली. विचिटा शहरातल्या प्राउडफूट आणि बर्ड या वास्तुरचनाकारांनी इमारतीचा आराखडा केला होता : भारदस्त कमानी, बुरुज, आणि कॅन्ससचा फिकट चुनखडी दगड. आणि मग भाव कोसळले. कागदावर श्रीमंत झालेले व्यापारी कागदावरच राहिले, कबूल केलेल्या रकमा आल्या नाहीत, काम रखडलं. आराखडा काढणारे वास्तुरचनाकारही 1890 मध्ये धंद्याच्या शोधात विचिटा सोडून सॉल्ट लेक सिटीला निघून गेले. झाडाचं नाव नसलेल्या त्या सपाट मुलखात अपुऱ्या दगडी भिंती मैलोन्‌मैल दिसत असणार. येणाजाणाऱ्याने त्याकडे पाहून मान हलवली असेल. गोएर्ट्झ मात्र मंडळी-मंडळींतून फिरत राहिला. ज्या शेतकऱ्यांना कॉलेज कशाला हवं असं वाटत होतं, त्यांच्याकडूनच थोडे थोडे पैसे गोळा होत गेले. सप्टेंबर 1893 मध्ये, अमेरिकेत बँका बुडत असताना, बेथेल उघडलं. माझ्या मते संस्थेचा खरा जन्म या पाच वर्षांत झाला. शहराने देऊ केलेलं कॉलेज शहराचं राहिलं असतं. खेड्यांनी पुरं केलं म्हणून ते खेड्यांचं झालं.

पहिले शिक्षक तीन : सी. एच. वेडेल, जी. ए. हाउरी आणि बी. एफ. वेल्टी. वेडेल पहिला अध्यक्ष. मोलोत्श्नात जन्मलेला, पोरवयात आईबापांबरोबर कॅन्ससला आलेला हा माणूस डोळ्यांच्या दुखण्याने बेजार असे. तरीही वर्ग, पत्रव्यवहार आणि कारभार सांभाळून त्याने मेनोनाईटांचा इतिहास चार भागांत लिहिला. त्याचं सांगणं होतं की आपल्या लोकांचा वारसा नुसता डगल्यात आणि टोपीत नाही, विचारात आहे. आणि विचार टिकवायचा तर तो शिकवावा लागतो. सुरुवातीचे वर्ग बहुतेक शाळेच्या पातळीचे होते, अर्धे जर्मनमधून, अर्धे इंग्रजीतून. वेडेल 1910 मध्ये वारला. पहिली बी. ए. पदवी दिली गेली ती 1912 मध्ये. ती पाहायला तो राहिला नाही.

या काळातला एक धागा आपल्याकडे येतो. 1899-1900 चा दुष्काळ आपल्या आजीपणजींच्या बोलण्यात छप्पनचा दुष्काळ म्हणून राहिला. त्याची बातमी कॅन्ससच्या शेतकऱ्यांपर्यंत पोचली. त्यांनी धान्य जमवलं आणि 1900 मध्ये त्या मदतीबरोबर स्वतः गोएर्ट्झ हिंदुस्थानात आला. बेथेलच्या भिंतींसाठी ज्यांच्या दारात तो गेला होता, त्यांच्याच कणग्यांतलं हे धान्य. त्याच वर्षाअखेर पी. ए. पेनर आणि जे. एफ. क्रोकर ही मिशनरी कुटुंबं मुंबई बंदरात उतरली आणि पुढे मध्य प्रांतात गेली. तो मुलूख तेव्हा नागपूरहून चालवला जाई. चांपा येथे 1902 मध्ये सुरू झालेलं कुष्ठरुग्णांचं काम याच मंडळींचं. आज ते गाव छत्तीसगडमध्ये येतं. कॅन्ससच्या गव्हाचं आणि आपल्या भुकेचं असं नातं एकदा जुळलं होतं, याची नोंद आपल्याकडेही असावी.

1908 मध्ये वार्केंटिन पवित्र भूमीच्या प्रवासाला गेला असताना, आगगाडीत एका सहप्रवाशाच्या पिस्तुलातून चुकून सुटलेल्या गोळीने मरण पावला. गोएर्ट्झ 1914 मध्ये गेला. आणि संस्थेची पहिली पिढी सरते न सरते तोच महायुद्ध आलं.

1917-18 हा बेथेलच्या लोकांसाठी फार वाईट काळ. जर्मन बोलतात म्हणून शत्रू, लढायला नकार देतात म्हणून भित्रे, युद्धरोखे घेत नाहीत म्हणून देशद्रोही. ज्या दिवशी युद्ध थांबलं त्याच दिवशी, 11 नोव्हेंबर 1918 रोजी, जवळच्या बर्टन गावात जमावाने जॉन श्राग या मेनोनाईट शेतकऱ्याला गाठलं, त्याच्या अंगावर पिवळा रंग ओतला आणि फाशी देण्याच्या गोष्टी केल्या. त्याने हात उचलला नाही. चार पिढ्यांपूर्वी रशियात मिळालेलं वचन मोडलं म्हणून इथे आलेल्यांना इथलंही वचन किती पातळ आहे ते कळलं. जर्मन भाषा हळूहळू वर्गातून गेली, मग चर्चमधून गेली. घरात मात्र प्लाउटडीच ही त्यांची सखल प्रदेशातली जर्मन बोली आजोबा-आजींच्या तोंडी पुष्कळ काळ राहिली.

घरची भांडणंही होतीच. बायबल कसं शिकवावं, डार्विन वर्गात यावा का, यावरून 1916 च्या सुमारास काही शिक्षकांना जावं लागलं आणि काही मंडळ्यांनी हात आखडता घेतला. मुळात या भागात एकच कॉलेज कधी नव्हतंच. मेनोनाईटांच्या दुसऱ्या शाखेने 1908 मध्ये हिल्सबोरोला टेबर कॉलेज काढलं, तिसऱ्या शाखेने 1909 मध्ये हेस्टनला काढलं. मोटारीने पाऊणएक तासाच्या टापूत एकाच पंथाची तीन कॉलेजं. आपल्याकडे एका तालुक्यात तीन गटांच्या तीन शिक्षणसंस्था ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे चित्र परकं वाटणार नाही.

मंदी आणि धुळीच्या वादळांच्या वर्षांत, 1932 मध्ये, अध्यक्ष झाला एडमंड जी. कॉफमन. चीनमध्ये मिशनरी म्हणून राहिलेला, चिवट, पैसा उभा करण्यात वाकबगार. तो वीस वर्षं राहिला. 1938 मध्ये कॉलेजला अधिकृत मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी नॉर्थ न्यूटन कागदोपत्री गाव झालं. गावाच्या आणि कॉलेजच्या आयुष्यातलं हे एकच वर्ष दोघांच्याही हिशेबात जमेला आहे. 1942 मध्ये मेमोरियल हॉल पुरा झाला, आधीच्या पिढीच्या आठवणीसाठी.

दुसऱ्या महायुद्धात या लोकांना निदान पर्याय मिळाला. शस्त्र न धरणाऱ्यांनी छावण्यांत राहून जंगलं, जमीन, वेड्यांची रुग्णालयं इथे बिनपगारी काम करायचं. देशभरात सुमारे 12,000 जणांनी ते केलं. त्यात मेनोनाईट सर्वांत जास्त. सगळ्यांनी हाच मार्ग धरला असं नाही. काहींनी गणवेश चढवला, आणि एकाच घराच्या भिंतीवर दोन भावांचे दोन तऱ्हेचे फोटो लागले. युद्धानंतर, 1946 मध्ये, कॉर्नेलियस क्रान यांच्या संपादनाखाली ‘मेनोनाईट लाइफ’ हे नियतकालिक इथून निघू लागलं. बेथेलच्या ग्रंथालयात जमत गेलेल्या डायऱ्या, चर्चच्या नोंदवह्या आणि जहाजांच्या याद्या यांच्यामुळे जगभरचे मेनोनाईट आपली वंशावळ शोधत नॉर्थ न्यूटनला येतात.

21 जानेवारी 1960 रोजी मेमोरियल हॉलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग बोलले. तेव्हा त्यांना नुकतंच एकतिसावं सरून बत्तिसावं लागलं होतं. मळणीच्या दगडाच्या गावात, शस्त्र न धरणाऱ्यांच्या पणतवंडांसमोर, अहिंसक लढ्याची भाषा करणारा माणूस उभा होता. शस्त्र न धरणं म्हणजे अन्यायाच्या वाटेतून बाजूला सरणं नव्हे, हे त्या पिढीला नव्याने शिकायचं होतं. मेनोनाईट तोवर ‘देशातले शांत लोक’ म्हणून ओळखले जात. ऑक्टोबर 1969 मध्ये बेथेलच्या विद्यार्थ्यांनी व्हिएतनाममध्ये मेलेल्या प्रत्येक अमेरिकी सैनिकामागे एक, असे घंटेचे टोल दिवसरात्र दिले. जवळपास 40,000 टोल. शेजारच्या शहरातल्या पुष्कळांना ते आवडलं नाही. ती घंटा त्यांना टोचली, पण तिच्यात एकाही मृताचा अपमान नव्हता. उलट, एवढ्या सावकाश आणि एकेक करून त्यांची मोजदाद देशात क्वचितच कुणी केली असेल.

आज कॉलेजात पाचशेच्या आसपास विद्यार्थी आहेत आणि त्यांतले बरेचसे मेनोनाईट नाहीत. लहान खाजगी कॉलेजांवर अमेरिकेत सगळीकडे आलेला पैशाचा ताण इथेही आहे. तरी शरद ऋतूतल्या उत्सवाला जुने विद्यार्थी येतात, आणि मग गावकरी जेवण रांधतात : करंजीसारख्या दिसणाऱ्या, आत चक्का भरून उकडलेल्या व्हेरेनिके, एकावर एक बसवलेले दोन गोळे असा स्वीबाक पाव, आणि मनुका-आलुबुखारांचं गोड, थंड मूस. मुख्य इमारतीची 1972 मध्ये राष्ट्रीय वारसा यादीत नोंद झाली. पण ती कुलूप लावून जपलेली नाही, रोज वापरात आहे. रस्त्यापलीकडे कॉफमन संग्रहालय आहे. त्याच्या अंगणात त्यांनी मूळची प्रेअरी पुन्हा पेरली आहे, छातीपर्यंत येणारं गवत आणि रानफुलं, नांगर लागण्याआधी ही भुई कशी होती ते दिसावं म्हणून.

विचिटाच्या विमान कारखान्यांत आणि रुग्णालयांत मराठी माणसं आहेत, त्यांच्याकडे जाणारे-येणारेही आहेत. तिथून उत्तरेला चाळीस किलोमीटरवर हे गाव लागतं. जाल तेव्हा संग्रहालयाला अर्धा दिवस द्या, आणि आवारातल्या त्या सातदाती दगडावर एकदा हात ठेवून या.